बेपत्ता

डिसेंबर आला की १९७१च्या युद्धावरचं पान लावायचं, हा आमच्या कचेरीतला शिरस्ता. मी मुद्रितं तपासायचो. एका वर्षी ओळ आली : 'फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, बेपत्ता.' मी लाल पेनानं शेवटचा शब्द खोडला आणि समासात लिहिलं, 'हुतात्मा'. शेजारच्या टेबलावरून सहकारी बघत राहिला. "अहो, इतकी वर्षं झाली," मी म्हणालो, "आता किती दिवस लटकत ठेवायचं?"

लटकत होत्या त्या दमयंती तांबे. माहेरच्या सुभेदार, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. नवरा सुखोई-७ घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोटच्या विमानतळावर हल्ला करायला गेला तो परतलाच नाही. पुढं त्या दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरीला लागल्या आणि वाट बघत राहिल्या. मला ती मनाची समजूत वाटायची. घरबसल्या मी त्यांना शहाणपण शिकवत होतो. आठवलं की ओशाळायला होतं.

माझं मत पालटलं ते एका चुकीच्या स्पेलिंगनं. युद्धाच्या त्या दिवसांत 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर'नं पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी छापली होती. त्यात एक नाव होतं फ्लाइट लेफ्टनंट 'टोम्बे'. 'ए'च्या जागी 'ओ', बस्स. आयुष्यभर असल्या चुका काढल्यामुळे एवढं कळतं, की अशी चूक कल्पनेतून होत नाही. नाव ऐकताना होते, नाहीतर कुणाच्या तरी हस्ताक्षरातून उतरवताना.

म्हणजे तांबे जिवंत होते? मी तसं म्हणणार नाही. नाव मेलेल्या माणसाच्या खिशातही सापडतं. पण मग देह कुठं गेला? सुखोई-७ एका माणसाचं विमान. आत दुसरा कुणी नाही की ज्यानं शेवट पाहिला. युद्धानंतर आपल्याकडे ९३ हजारांच्या आसपास युद्धकैदी होते, ते परत गेले. आपल्या ५४ बेपत्ता जणांची यादी मात्र तशीच राहिली. पाकिस्तान म्हणतं, आमच्याकडे असं कुणी नाही. २००७ साली नातेवाईक तिथले तुरुंग बघून आले, हात हलवत.

मी 'हुतात्मा' लिहिलं तेव्हा गौरव करतोय असं वाटलं होतं. खरं तर मला ती फाइल मिटवायची होती, कुणाचा तरी शेवट पुराव्यावाचून ठरवून.

पुढच्या डिसेंबरात मजकूर जुनाच उचललेला होता, माझ्या दुरुस्तीसकट. ती खोडून मी मूळ शब्द पुन्हा समासात लिहिला.

"काही नवीन कळलं का?" सहकाऱ्यानं विचारलं.

"नाही," म्हटलं, "काहीच नाही."