स्कार्मरीसाठी राखलेली जागा

पोकेमॉनच्या स्पर्धात्मक लढतीत हल्ल्याइतकंच महत्त्व माघारीला असतं. मी खेळते त्या प्रकारात दोन्हीकडे सहा-सहा पोकेमॉन, मैदानात एका वेळी एकेक. दर टर्नला दोन्ही खेळाडू एकमेकांना न कळता ठरवतात की असलेल्या चार मूव्हपैकी एक खेळायची, की मैदानातला पोकेमॉन मागे घेऊन दुसरा आणायचा. समोरचा विजेचा हल्ला करणार असं वाटलं तर जमिनीचा पोकेमॉन आत आणायचा, त्यावर समोरचा पाण्याचा आणणार, मग आपण गवताचा. निम्मी लढत अशी आत-बाहेर करण्यात जाते, आणि चांगला खेळाडू ओळखायचा तो बहुतेक वेळा याच आत-बाहेरवरून.

ट्रॅपर म्हणवला जाणारा पोकेमॉन मागे जाण्याचा हा हक्कच काढून घेतो. तो समोर उभा राहिला की ठरावीक पोकेमॉनना मागे जाता येत नाही. स्विचचं बटण बंद.

मी तिसऱ्या पिढीचा खेळ खेळते. 'रूबी' आणि 'सफायर' हे २००२ साली जपानमध्ये आले, तिथून ही पिढी सुरू झाली. ॲबिलिटी म्हणजे पोकेमॉनचा अंगभूत गुण पहिल्यांदा याच पिढीत आला आणि त्याबरोबर कायमचे ट्रॅपरही आले. ड्युगट्रिओची अरीना ट्रॅप जमिनीवर पाय असलेल्या सगळ्यांना धरून ठेवते, वॉबफेटची शॅडो टॅग सगळ्यांनाच, आणि मॅग्नेटॉनची मॅग्नेट पुल फक्त पोलादी पोकेमॉनना. आज ही पिढी पोकेमॉन शोडाउनवर ब्राउझरमध्ये फुकट खेळता येते. पुण्यातल्या माझ्या खोलीत रात्री जेवणं आटोपली की मी लॅपटॉप उघडते आणि समोर कुठल्या देशातला माणूस येईल ते बघते. माझ्या टीममध्ये मॅग्नेटॉन गेली कित्येक वर्षं कायम आहे. बाकीचे पाच बदलतात.

त्याचं कारण स्कार्मरी. हा पोलादी पक्षी तिसऱ्या पिढीतली सगळ्यांत कडेकोट भिंत आहे. तिचा मूळ डिफेन्स १४०. जमिनीचे हल्ले तिला लागतच नाहीत, विषबाधा होत नाही, साध्या शारीरिक हल्ल्यांनी ओरखडाही जेमतेम उठतो. ती येते आणि आपल्या बाजूला स्पाइक्स पसरते. पुढे जमिनीवरचा जो कोणी आत येईल त्याचं रक्त सांडतं. एका थराला आठवा हिस्सा, तीन थर झाले की चौथा. वर व्हर्लविंड मारून ती आपले पोकेमॉन बळजबरीने बदलायला लावते, म्हणजे प्रत्येक जण पुन्हा त्याच काट्यांवर पडतो. तिच्या जोडीला ब्लिसी असते, ती विशेष हल्ले पचवते. या दोघी एकत्र आल्या की शारीरिक ताकदीवर उभी असलेली टीम हळूहळू वितळत जाते, आणि मला आवडतात ते नेमके शारीरिक ताकदीचेच पोकेमॉन: सॅलमेन्स, स्नॉरलॅक्स, टायरॅनिटार.

स्कार्मरीची कमजोर बाजू म्हणजे स्पेशल डिफेन्स, फक्त ७०. मॅग्नेटॉनचा स्पेशल अटॅक १२०. नेहमीच्या बांधणीच्या स्कार्मरीकडे ३३४ एचपी, म्हणजे तेवढा जीव, असतो. मॉडेस्ट स्वभावाच्या, स्पेशल अटॅक पूर्ण वाढवलेल्या मॅग्नेटॉनचा थंडरबोल्ट तिला कमीत कमी ४३३ चा फटका देतो. म्हणजे गणित मुळीच अवघड नाही. मॅग्नेटॉन आणि स्कार्मरी समोरासमोर आले, पुढची टर्न सुरू झाली, की स्कार्मरी संपली. सगळा खेळ आहे तो त्यांना समोरासमोर आणण्याचा.

माझा धाकटा मावसभाऊ सुट्टीत आमच्याकडे राहायला आला होता. त्याला हा खेळ शिकायचा होता, म्हणून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा. एका लढतीत समोरच्याची स्कार्मरी पहिल्यांदा आली तेव्हा तो जवळजवळ ओरडलाच, "ताई, मॅग्नेटॉन आण ना! आत्ताच्या आत्ता!"

मी आणला नाही. त्याला कळेना की ज्या कामासाठी एक जागा अडवून ठेवली ते काम समोर चालून आलेलं असताना मी थांबते कशी. तेव्हा मी त्याला दाखवलं की पकड त्याच टर्नला बसत नाही. मी मॅग्नेटॉन आणायचं ठरवते त्या क्षणी स्कार्मरी मोकळीच असते. समोरच्याला शंका आली तर तो त्याच टर्नला तिला काढून ड्युगट्रिओ आणेल. मग मॅग्नेटॉनच अडकेल, आणि जमिनीचा हल्ला मॅग्नेटॉनला चौपट लागतो. समोरच्याने त्या टर्नला व्हर्लविंड मारली तर मॅग्नेटॉन आल्या पावली उडून जाईल. काही जण तर स्कार्मरीला मुद्दाम हिडन पॉवर ग्राउंड, म्हणजे जमिनीचा हल्ला, शिकवून ठेवतात. त्या फटक्याने ताजा मॅग्नेटॉन सहसा पडत नाही, पण अर्ध्याहून जास्त खाली येतो. आणि यातलं काहीही झालं तरी मोठं नुकसान वेगळंच असतं, ते म्हणजे माझ्याकडे मॅग्नेटॉन आहे हे समोरच्याला कळलेलं असतं.

तिसऱ्या पिढीत टीम प्रीव्ह्यू नाही, ती सोय पाचव्या पिढीत आली. इथे समोरच्याची सहा नावं आधी दिसत नाहीत. जो मैदानात येतो तेवढाच कळतो. या अंधारामुळेच मला ही पिढी इतकी प्रिय आहे. न दिसलेला ट्रॅपर दिसलेल्या ट्रॅपरपेक्षा खूप महाग असतो.

म्हणून त्या लढतीत मी स्नॉरलॅक्स समोर ठेवला आणि स्कार्मरीला येऊ दिलं. तिने स्पाइक्सचा एक थर टाकला. मी स्वॉम्पर्ट आणला, थोडं चाचपलं, पुन्हा स्नॉरलॅक्स आणला. स्कार्मरी पुन्हा आली. या वेळी मी सॅलमेन्स दाखवला, तो उडतो, त्याला स्पाइक्स लागत नाहीत. समोरच्याने दुसरा थर टाकला. भाऊ अस्वस्थ. आपल्या बाजूला काटे साचत चाललेत आणि मॅग्नेटॉनही जमिनीवरचाच, येताना त्यालाही ते टोचणार, हे त्याला दिसत होतं. ते खरंच होतं. पण त्या किमतीत मी समोरच्याची सवय विकत घेत होते. स्नॉरलॅक्स आला की स्कार्मरी आणायची, हे त्याच्या हाताला लागत होतं आणि दर वेळी ते त्याला सुरक्षित वाटत होतं.

मग ती टर्न आली. समोर ब्लिसी, माझा स्नॉरलॅक्स. ब्लिसीला स्नॉरलॅक्ससमोर थांबण्यात काहीच फायदा नाही. समोरचा स्कार्मरी आणणार याची मला खात्री होती, पण ती खात्री म्हणजे अंदाजच. मी ज्या टर्नला मॅग्नेटॉन आणते त्या टर्नला ब्लिसी मागे न जाता नुसती उभी राहिली असती, तर मॅग्नेटॉन फुकट उघडा पडला असता. मी स्विच दाबला. पडद्यावर दोन ओळी एकामागोमाग आल्या: समोरून स्कार्मरी, माझ्याकडून मॅग्नेटॉन.

या डबल स्विचसारखा आनंद मला या खेळात दुसऱ्या कशात मिळत नाही. एकाही हल्ल्याशिवाय लढतीचा तोल बदललेला असतो. मॅग्नेटॉनला काट्यांखेरीज काहीही लागलेलं नाही, स्कार्मरीला जायला वाट नाही, आणि दोघांनाही पुढचं माहीत आहे. समोरच्याने बराच वेळ घेतला. घड्याळ चालू होतं. शेवटी त्याने व्हर्लविंडचा प्रयत्न केला. व्हर्लविंड नेहमी टर्नच्या अखेरीला लागते. थंडरबोल्ट आधी पडला.

भाऊ टाळ्या वाजवत होता. मी मात्र पुढचा हिशेब करत होते, कारण ट्रॅपर वापरणाऱ्याचं कौशल्य खरं लागतं ते इथून पुढे. पोकेमॉन पडल्यावर समोरचा त्याच्या पसंतीचा पोकेमॉन फुकट आत आणतो. त्याने आणला ड्युगट्रिओ. आता मॅग्नेटॉनला वाट नव्हती.

याची तयारी टीम बांधतानाच केलेली असावी लागते. ट्रॅपरने आपलं काम केलं की तो बहुतेकदा मरणार, हे गृहीत धरून त्याचा मरणाचा क्षणही कामाला लावायचा. त्या काळातला ड्युगट्रिओ पुष्कळदा चॉइस बँड घेऊन येतो. या पट्ट्याने ताकद दीडपट होते, पण जी मूव्ह निवडली तिच्यातच तो अडकतो. मॅग्नेटॉनला मारायला तो अर्थक्वेक निवडणार, आणि अर्थक्वेक उडणाऱ्या सॅलमेन्सला लागत नाही. मॅग्नेटॉन पडला, मी सॅलमेन्स आणला. ड्युगट्रिओला मागे जाण्यावाचून पर्याय नव्हता, आणि तो मागे जात असताना सॅलमेन्सने निवांतपणे ड्रॅगन डान्स केला. ताकद वाढली, वेग वाढला. त्याला व्हर्लविंडने उडवून लावणारी एकमेव स्कार्मरी दोन टर्न आधीच गेली होती. ब्लिसीची आइस बीम त्याला चौपट लागली असती, पण शारीरिक फटक्यापुढे ब्लिसी आत यायला धजत नव्हती. लढत त्यानंतर फार चालली नाही.

लढत संपल्यावर भावाने विचारलं, "मग मॅग्नेटॉनने एकच मारला ना? एक देऊन एक घेतला."

मोजायचं तसं नसतं, हे त्याला पटवायला मला बराच वेळ लागला. टीममधली एक जागा एका कामाला वाहणं हा मोठा सौदा आहे. समोरच्याकडे पोलादी पोकेमॉनच नसेल तर मॅग्नेटॉन नुसता हळू चालणारा, जमिनीला घाबरणारा गडी उरतो. मेटाग्रॉस पोलादीच आहे, अडकतोही, पण अडकलेला मेटाग्रॉस अर्थक्वेक मारून मॅग्नेटॉनलाच आडवा करतो. अडकलेला निरुपद्रवी असतो असं कुणी मानू नये. समोरही मॅग्नेटॉन असेल तर दोघेही पोलादी म्हणून दोघेही एकमेकांना अडकवतात आणि जास्त वेगाचा जिंकतो. म्हणजे मॅग्नेटॉन स्वतःसाठी टीममध्ये नसतोच. तो असतो सॅलमेन्ससाठी, स्नॉरलॅक्ससाठी. ट्रॅपर घेण्याआधी स्वतःला विचारायचं ते एवढंच, की माझ्या टीमला कोण अडवतं आणि तो गेला तर मागून कोण घुसेल. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर ट्रॅपर घेऊच नये.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला मारण्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. काही लढतींत माझा मॅग्नेटॉन लवकर उघड होतो. मग समोरचा स्कार्मरीला मागे लपवतो, आणतच नाही. अशा लढतीत मॅग्नेटॉनच्या नावावर एकही बळी नसतो, पण स्पाइक्स पडत नाहीत, व्हर्लविंड होत नाही, स्नॉरलॅक्सला मोकळं रान मिळतं. मॅग्नेटॉनला एचपी राखून जिवंत ठेवायचं आणि मागे बसवून ठेवायचं, एवढंच करावं लागतं. घाईने त्याला कुणाच्या तरी हल्ल्यासमोर टाकणारे खेळाडू मी पुष्कळ पाहिले आहेत. मग समोरच्याची मॅग्नेटॉनची भीती जाते आणि त्याची स्कार्मरी परत येते.

ट्रॅपिंग अन्यायी आहे असं म्हणणारे खूप आहेत, आणि काही बाबतींत मला ते मान्य आहे. वॉबफेटला तिसऱ्या पिढीच्या नेहमीच्या गटात बंदी आहे ती योग्यच. त्याच्या पकडीतून कुणाचीच सुटका नसते. दोन वॉबफेट समोरासमोर आले आणि दोघांकडे दर टर्नला थोडे एचपी भरून देणारे लेफ्टओव्हर्स असले तर लढत संपायचीच नाही. चौथ्या पिढीत शॅडो टॅगवाल्यांना एकमेकांच्या पकडीतून मोकळं केलं गेलं. त्याच पिढीत शेड शेल आलं, ते घेतलं की अडकलेल्यालाही निघता येतं. सहाव्या पिढीत भुतांना सगळ्या पकडींतून सूट मिळाली. सातव्या पिढीत ड्युगट्रिओचा मूळ अटॅक ८० वरून १०० झाला आणि २०१७ मध्ये स्मॉगन या स्पर्धात्मक नियम ठरवणाऱ्या समुदायाने त्यांच्या मुख्य गटात अरीना ट्रॅपवरच बंदी घातली. पकड जितकी रुंद, तितका समोरच्याला विचार करायला वाव कमी. मॅग्नेट पुल अरुंद आहे, एकाच प्रकाराला धरते, म्हणून ती विचार वाढवते. स्कार्मरी खेळवणाऱ्याला प्रत्येक वेळी विचारावं लागतं की आत्ता आणू का. हा प्रश्न त्या लढतीतून काढून टाकला तर स्कार्मरी आणि ब्लिसीची जोडी फार सुखात राहील आणि खेळ कंटाळवाणा होईल, असं माझं ठाम मत आहे.

भाऊ आता त्याच्या घरून खेळतो. त्याने मॅग्नेटॉन आणि ड्युगट्रिओ दोघेही एकाच टीममध्ये घेतलेत. एकाने स्कार्मरी काढायची, दुसऱ्याने ब्लिसी. मला दोन जागा जास्त वाटतात, त्याला वाटत नाहीत. मॅग्नेटॉनच्या हिडन पॉवरचा प्रकार कोणता ठेवायचा यावरूनही आमचा वाद चालू आहे. तो फायर ठेवतो, पोलादी फोरेट्रेसला ती चौपट लागते. मी सध्या ग्रास ठेवून बघते आहे, कारण मॅग्नेटॉन दिसला की समोरचे सर्रास स्वॉम्पर्ट आणतात आणि स्वॉम्पर्टला गवत चौपट लागतं. काल रात्री त्याने फोन करून सांगितलं, "ताई, फोरेट्रेस आला होता समोर, तुझा ग्रासवाला असता तर काय केलं असतंस?" मी म्हटलं, थंडरबोल्टच मारत राहिले असते, तो अडकलेलाच असता ना. तो म्हणाला, तेवढ्यात त्याने एक्सप्लोजन करून स्वतःला उडवून दिलं असतं. हे खरं आहे, आणि त्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.