थट्टेची नाती

मराठी घरात कोणी कोणाची थट्टा करायची हे बरेचसे ठरलेले असते. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजी-नातवंडे यांच्यात ती मोकळेपणाने चालते. सासरा-सून किंवा जावई-सासू यांच्यात अदब असते. धाकटा दीर वहिनीला वाटेल ते बोलून जातो, पण थोरल्या दिरासमोर तीच वहिनी मोजके बोलते. मामाच्या मुलीशी लग्न चालणाऱ्या समाजांत आते-मामे भावंडांची चेष्टामस्करीही अशीच मान्य असते. मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० साली एका निबंधात अशा नात्यांची मीमांसा केली. लग्नाने दोन घरे जोडली जातात, तरी त्यांचे हितसंबंध वेगळे राहतात. हा ताण एकतर अदब राखून सांभाळला जातो, नाहीतर जिचा राग मानायचा नाही अशी थट्टा करून. मराठी लग्नघराला हे विवेचन चपखल लागू पडते. नवरीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो आणि त्याबद्दल मान घेतो, नवरीकडच्या मुली नवरदेवाचे जोडे लपवतात; नव्या नात्यातली पहिली ओढाताण अशी हसतखेळत होते.

सासू-सुनेचे नाते अदबीचे, म्हणून तिथली थट्टा आडवळणाने येते. भोंडल्याच्या गाण्यांत आणि मंगळागौरीच्या खेळांत सासूचा छळ, नणंदेचा तोरा, माहेरची ओढ हे सारे फेर धरून गायले जाते, आणि सासवाही त्या फेरात असतात. उखाण्याचेही तसेच. एरवी नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या बायकांना तिथे नावाबरोबर त्याची खोडी काढण्याचीही मुभा मिळते. प्रस्तुत लेखिकेच्या सासूबाई हळदीकुंकवात नाव घेताना चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्या सासऱ्यांना हमखास उखाण्यात ओवीत. सासरे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असत. त्यांना ते ऐकू जावे एवढा आवाज सासूबाई मुद्दाम लावीत.

लेखिकेच्या नव्या संसारात सासू-सुनेतला ताण थट्टेवर नेण्याचे काम धाकट्या दिराने केले. आमटी खारट झाली की सासूबाई काही न बोलता ताटात पाणी ओतून घेत, आणि ते गप्प राहणे फार लागे. दीर मात्र म्हणे, “वहिनी, आज मिठागरावरून आलात वाटतं!” सगळे हसत, सासूबाईही हसत, आणि दुसऱ्या दिवशी मीठ बेताचे पडे. सासूची तक्रार सुनेपर्यंत पोचली, पण दोघींपैकी कोणाचाही मान गेला नाही. एकत्र कुटुंबात धाकट्या दिराचे हे स्थान खरोखर मोलाचे होते.

पुढे खुब्याचे हाड मोडून सासूबाई अंथरुणाला खिळल्या. जिच्याशी कायम अदबीने वागायचे तिला उचलून बसवायचे, अंघोळ घालायची, याचा संकोच दोघींनाही होता. पाठीवर पाणी ओतताना त्या एकदा म्हणाल्या, “न्हाऊ तर नवरीसारखं घालतेस, हळद कुठं ठेवलीस?” लेखिकेने विचारले, “नवरा कोणता बघू?” उत्तर तयार होते: “हाच. दुसरा शोधायला चष्मा लागेल.” अदबीच्या नात्यात थेट थट्टा शिरली ती तिथे. तिची सुरुवात थोरल्या बाजूने झाली, आणि ती तिकडूनच व्हायला हवी. आजारी माणसाच्या अगतिकतेवर धडधाकट माणसाने आधी विनोद केला असता तर तो बोचला असता.

जिला उलट बोलण्याची सोय नाही तिची चेष्टा म्हणजे छळच; असंख्य सुनांनी तो हसून सोसलेला आहे. या घरात दोन विषय थट्टेतून वगळलेले होते: सुनेच्या माहेरची परिस्थिती आणि लांबलेला पाळणा. हळदीकुंकवाला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी पाळण्यावरून विनोद केला, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या हातात वाण ठेवले आणि सर्वांदेखत सांगितले, “हा विषय आमच्याकडे चेष्टेचा नाही.”