नॉर्मल म्हणजे कोणासारखं?

दोन रिपोर्ट, एकच व्हिटॅमिन आणि आमच्या घरात महाभारत! माझं बी-12 आलं 200. लातूरच्या लॅबने शेजारी ठळक अक्षरांत ‘लो’ छापलं, कारण त्यांची रेंज 211 पासून सुरू. दादाने नांदेडला तपासलं, ते आलं 195. पण तिथली रेंज 187 पासून, म्हणून साहेब ‘नॉर्मल’! आई दुधाचा ग्लास घेऊन माझ्या मागे आणि दादा कॉलर ताठ करून घरभर. माझ्याहून पाच कमी असून!

आकडा दिसला की तो कुठून आला ते विचारायचं, एवढं मास कॉमने नक्की शिकवलंय. म्हणून ओळखीच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, दोन वेगळ्या मशीनचे आकडे असे शेजारी ठेवायचेच नसतात. रेंज बहुतेकदा किट बनवणाऱ्या कंपनीच्या पत्रकातून येते. निरोगी माणसांचे आकडे ओळीने मांडायचे, मधले 95 टक्के ठेवायचे, झाली रेंज. म्हणजे ठणठणीत शंभरातले पाचेक जण तसेही बाहेरच!

ती माणसं आपल्याकडची असतीलच असं नाही. म्हणून लॅबने रेंज इथल्या लोकांवर ताडून बघायची असते. वीस निरोगी माणसं घ्यायची. दोनपेक्षा जास्त बाहेर गेली नाहीत तर रेंज चालते. स्वतःचीच बनवायची तर किमान 120 जण हवेत.

‘‘मग आमच्या गल्लीतले वीस घ्या ना! सगळे शाकाहारी, सगळ्यांचं कमीच असणार. मग मीपण नॉर्मल!’’

मॅडम हसल्या. ‘‘वीस निरोगी हवेत. नुसते वीस नकोत.’’

मग त्यांनी पुण्याचं उदाहरण दिलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमच्या 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 441 पुरुषांपैकी 67 टक्के जणांचं बी-12 कमी निघालं. इतके जण बाहेर, म्हणजे रेंजच चुकीची, असं कुणालाही वाटेल. पण त्यांनी होमोसिस्टीनही मोजलं होतं. बी-12 कमी पडलं की ते रक्तात साचतं. निम्म्याहून जास्त जणांचं ते वाढलेलं होतं. म्हणजे शरीराला खरंच बी-12 पुरत नव्हतं. सगळ्यांचं कमी म्हणून ते नॉर्मल होत नाही, बॉस!

रात्री दादाला फोनवर हे सगळं ऐकवलं. पलीकडे शांतता. मग हळूच म्हणाला, ‘‘तळपायाला मुंग्या यायलेत गं, दोन महिने झाले. रिपोर्ट नॉर्मल होता म्हणून बोललो नाही.’’

डॉक्टरांनी त्याचं होमोसिस्टीन तपासलं. वाढलेलंच होतं. त्याला इंजेक्शनं सुरू झाली, मला गोळ्या.

तेव्हा पुढचा रिपोर्ट हातात आला की ठळक अक्षरांवरच अडकू नका. काही त्रास होत असेल तर रेंज काहीही म्हणो, डॉक्टरांना सांगा. परवा दादाचा मेसेज आला: ‘मुंग्या कमी. आईला सांग, दूध मलापण.’