मेलेल्या पाखराची चिठ्ठी

कोल्हापूरला सहल गेली की नवा राजवाडा पाहिल्याशिवाय गाडी हलत नाही. 1884 साली पुरा झालेला हा वाडा. आता तिथे शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. तलवारी, पोशाख बघत बघत पोरं पुढे सरकतात आणि पेंढा भरलेल्या वाघ-बिबट्यांपाशी आली की थबकतात. आमच्या शिरपूरच्या एका मुलीने तिथे मला विचारलं, "सर, यांना मारलं कशाला? आणि मारलं तर मग जपून कशाला ठेवलं?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर द्याल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. शिकार हा तेव्हा राजेलोकांचा शौक होता, मानाची गोष्ट होती. कोल्हापूर दरबारी तर काळविटांवर सोडायला शिकवून तयार केलेले चित्ते असत. इथले चित्ते मिळेनात, तेव्हा आफ्रिकेतून आणवले! 1947 साली कोरियाच्या महाराजांनी एका रात्रीत तीन चित्ते टिपले, ते आपल्या देशात मारलेले शेवटचे चित्ते मानतात. 1952 साली भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. पुढे थेट 2022 साली नामिबियातून विमानाने चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडावे लागले.

पण एक गंमत बघा. शिकारीसाठी का होईना, राजांनी काही जंगलं राखली. कोल्हापूरकरांचं दाजीपूरचं शिकारीचं रान 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. तिथे आजही गवे चरतात. म्हणजे मारणारा आणि राखणारा हात एकच. हे मला अजूनही नीट पचत नाही.

आता दुसरा प्रश्न. मेलेला प्राणी जपून उपयोग काय? याचं उत्तर द्यायला कोल्हापूर सोडून आपल्या सातपुड्यात यावं लागेल.

रानपिंगळा हे नाव ऐकलंय? वीतभर उंचीचं घुबड. 1872 साली आजच्या छत्तीसगडातल्या फुलझरच्या बाजूला ते पहिल्यांदा मिळालं, आणि ह्यूम नावाच्या पक्षितज्ज्ञाने 1873 साली त्याचं बारसं केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन हा ब्रिटिश अधिकारी आपल्या खानदेशात नेमणुकीवर होता. त्याने शहादा-तळोद्याच्या रानात काही रानपिंगळे टिपले, कातडी सुकवून, आत कापूस भरून ठेवली. प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी : कुठे मिळाला, कधी मिळाला. त्यातला शेवटचा 1884 सालचा. म्हणजे तिकडे राजवाडा पुरा झाला त्याच वर्षीचा!

त्यानंतर रानपिंगळा कुणालाच सापडेना. अपवाद फक्त एक. रिचर्ड माइनरट्झहागेन नावाच्या बड्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं : मांडवी, गुजरात, 1914. झालं! पुढे सलीम अलींसारखी जाणती माणसंही त्याच्या शोधात निघाली. चिठ्ठीवर भरवसा ठेवून गुजरातेतही शोध झाला. पाखरू काही दिसेना. मग लोक म्हणू लागले, संपला बिचारा.

1990 नंतर पामेला रासमुसेन या अमेरिकन बाई संग्रहालयातले रानपिंगळे एकेक करून तपासायला बसल्या. जगभरात मिळून होतेच किती? अवघे सात. तपासता तपासता त्यांच्या लक्षात आलं की 1914 चा म्हणवणारा हा पक्षी मुळात डेव्हिडसनच्या हातचा आहे. कातडी भरायची त्याची खास धाटणी त्यात उरली होती. त्या साहेबाने लंडनच्या संग्रहालयातून तो ढापला, पुन्हा शिवला आणि पायाला खोटी चिठ्ठी बांधली. चोर तो चोर, वर आपल्या सगळ्यांना वाट चुकवणारा! हा नमुना बाद केल्यावर मांडवीचं नावच पुसलं गेलं. उरल्या खऱ्या चिठ्ठ्या.

त्या चिठ्ठ्यांचा माग काढत बाई आणि त्यांचे दोन सोबती, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट, नोव्हेंबर 1997 मध्ये भारतात आले. आधी पूर्वेकडे शोधलं. काही नाही. मग गाठलं शहादा. तेव्हा ते आपल्याच धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा 1998 साली वेगळा झाला. तिथे सकाळच्या उन्हात, पानं गळालेल्या झाडावर एक जाडजूड पिंगळा निवांत बसलेला. 113 वर्षांनी!

पुढे आपल्या अभ्यासकांनी तो मेळघाटात, यावलला, 2014 साली ठाणे जिल्ह्यातल्या तानसातही नोंदवला. जिवंत आहे म्हटल्यावर त्याच्या जंगलाकडे लक्ष गेलं. आधी तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत होता, 2018 पासून 'संकटग्रस्त' यादीत आहे. म्हणजे एक पायरी बरा, धोक्याबाहेर मात्र नाही. सागाचं रान तुटतंय, शेतं डोंगरावर चढताहेत. आणि घुबड अपशकुनी म्हणून, किंवा जादूटोण्यासाठी, त्याला मारणारेही आहेत. पालकहो, हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठीही आहे.

राजवाड्यातल्या वाघांचा मला राग नाही. फक्त पुढच्या वेळी काचेत डोकावाल तेव्हा चिठ्ठी शोधा. जागा आणि तारीख लिहिलेली असेल तर तो वाघ अजून काही सांगू शकतो. नुसतं शिकार करणाऱ्याचं नाव असेल, तर ती त्या माणसाची आठवण झाली, वाघाची नव्हे.

आपल्या शिरपूरच्या एका अंगाला तोरणमाळ, दुसऱ्या अंगाला यावल. दोन्हीकडे रानपिंगळा आहे. सातपुड्यात कधी गेलात आणि दिवसाढवळ्या पिंगळा दिसला, तर आधी डोकं बघा. ठिपकेच ठिपके असतील तर तो आपला घरामागच्या चिंचेवरचा. डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पोट खाली स्वच्छ पांढरं असेल, तर जागच्या जागी थांबा. दगड नको, आरोळी नको. जागा, तारीख, वेळ वहीत लिहा आणि गुपचूप वनखात्याच्या माणसाला सांगा. वर्गातल्या पोरांना नंतर सांगितलंत तरी चालेल.