भंगारातली मोटर आणि बिलगावची वीज

नंदुरबारला पाहुणे आले की मिरचीच्या लालभडक पथाऱ्या बघायला जातातच. तुम्हीही जा. नाकाला रुमाल बांधा बरं का, नाहीतर शिंका थांबायच्या नाहीत! मी मात्र आज तुम्हांला आधी भंगारवाल्याकडे नेणार आहे आणि तिथून थेट सातपुड्यात.

भंगारात काय शोधायचं? बंद पडलेला प्रिंटर. त्यात दोन तारांची छानशी मोटर मिळते. मग रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून एक लाल एलईडी आणि २२० ओहमचा रेझिस्टर घ्या. त्यावरचे पहिले तीन पट्टे पाहा : लाल, लाल, तपकिरी. (पालकहो, महागड्या किटची घाई नको. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं.)

आधी तीन पेन्सिल सेल एकामागे एक लावा. त्यांना रेझिस्टर आणि एलईडी एका ओळीत जोडा. एलईडीचा लांब पाय अधिक टोकाकडे. लागला? आता पाय उलटे करून बघा. विझला! एलईडी म्हणजे एकेरी वाहतुकीचा रस्ता. वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. रेझिस्टर गाळलात, तर जास्त वीज जाऊन बिचारा जळेल. आणि भिंतीतल्या प्लगला यातलं काहीही लावायचं नाही. तिथं २३० व्होल्ट असतात.

आता खरी गंमत. सेल काढून टाका, त्यांच्या जागी मोटर जोडा. मोटरच्या दांड्याला दोरा गुंडाळा आणि भोवरा फिरवताना ओढतो तसा झर्रकन ओढा. एलईडी चमकेल. नाही चमकला, तर दोरा उलट्या बाजूनं गुंडाळा. विजेवर फिरणारी मोटर आपणच फिरवली की वीज देते! आत चुंबक असतो आणि तारेची वेटोळी. चुंबकाजवळ तार फिरली की तिच्यात वीज निर्माण होते. हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलं.

दोरा ओढायचा थांबलात, की दिवा गेला. मग सतत ओढणारा कोण? यासाठीच सातपुड्यात जायचं. नंदुरबारहून एसटीनं निघा. प्रकाशाला तापी ओलांडा, मग शहादा, म्हसावद, आणि घाट चढून धडगाव. याच तालुक्यात बिलगाव आहे. तिथं उदई नदी धबधब्यानं कोसळते. गावात वीज नव्हती, पण पाणी होतं ना! केरळहून आलेल्या तरुण अभियंत्यांनी आराखडा केला, गावकऱ्यांनी श्रमदान केलं. पडत्या पाण्यानं चाक फिरवलं, चाकानं जनित्र फिरवलं आणि २००३ च्या सुरुवातीला बिलगावात दिवे लागले.

असंच एक जोडपं म्हणजे रवि कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री. अमेरिकेतून परतलेल्या या दोघांनी वीज न पोचलेल्या शाळांसाठी पायडल मारून वीज देणारं यंत्र तयार केलं. म्हणजे मुलांनी पायडल मारायचं आणि वर्गात दिवा! माझ्या वर्गात हे सांगितलं, तर अभ्यासापेक्षा पायडल मारायलाच जास्त हात वर झाले.

बिलगावचे दिवे मात्र कायमचे टिकले नाहीत. पुढे सरदार सरोवर धरणाचं पाणी नर्मदेच्या खोऱ्यात वर चढलं, आणि हे छोटं वीजघर बुडालं. गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी उभारलं होतं हो ते. २००४ साली आलेला 'स्वदेस' चित्रपट तुमच्या आईबाबांनी पाहिला असेल. त्यातलं गाव पाण्यावर वीज करतं, त्यामागे बिलगावचीच प्रेरणा होती, असं सांगतात.

तुमच्या गावाजवळ ओढा असेल, तर मोटरच्या दांड्याला प्लॅस्टिकचे चमचे कापून पाती बसवा. पाणी मोटरच्या आत जाऊ देऊ नका. आणि बरोबर मोठं माणूस हवंच! पाणी उंचावरून पाडून बघा, मग कमी उंचीवरून. एलईडी कधी जास्त चमकतो, ते वहीत लिहून ठेवा.