उताराचे गणित

रेडिओच्या इशाऱ्यावर धावणाऱ्या लहान गाड्यांचे जग हे मुख्यत्वे वेगवेड्यांचे जग आहे. त्या जगाच्या एका कडेला खडकांवर चढणाऱ्या गाड्यांची, ‘रॉक क्रॉलर’ची, छोटीशी वस्ती आहे, आणि तिथे कोणी कोणाला वेग विचारत नाही. क्रॉलर म्हणजे रांगणारा. (रांगणा नावाचा किल्ला कोल्हापूर जिल्ह्यात आहे आणि तो आम्ही दोनदा चढलो आहोत, पण ते असो.) अशी एक गाडी, खऱ्या जीपच्या एक-दशांश आकाराची, आमच्या टेबलावर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी गेले काही महिने उघडी पडली आहे. तिला कोणती मोटार आणि कोणते गिअर बसवावेत ह्या प्रश्नाने आमचा जितका वेळ घेतला, तितका अलीकडे कोणत्याही कादंबरीने घेतलेला नाही.

जे वाचक आम्हांला ओळखतात त्यांना आमचे गुडघेही ठाऊक आहेत. २०२१ साली हाडांच्या डॉक्टरांनी निकाल दिला : गड चढायला हरकत नाही, पण उतरू नका. ह्या सल्ल्यातला विनोद त्यांच्या लक्षात आला नसावा. सह्याद्रीत तीस वर्षे हिंडलेल्या माणसाला मात्र त्यातले तथ्य लगेच पटते. चढताना दम लागतो, तो परत येतो. उतरताना प्रत्येक पावलाला सगळे वजन गुडघ्यावर आदळते. गाडी घ्यायला लावली ती भाच्याने. तो यंत्र-अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, आणि मामाने घरी बसून समीक्षा लिहिण्यापेक्षा हे बरे, असे त्याचे मत आहे.

तर गणित असे. मोटारीच्या दांड्यावर एक चिमुकले दातेरी चाक असते, पिनियन. ते ‘स्पर’ नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. पुढे गिअरपेटीत आणि शेवटी आसात फेरे आणखी कमी होतात. आमच्या गाडीत स्परला ८७ दाते, पिनियनला १३. गिअरपेटीचे प्रमाण २.६ आणि आसाचे ३८ भागिले १३. सगळ्यांचा गुणाकार केला की सुमारे ५१ येतात. म्हणजे मोटारीचे ५१ फेरे होतील तेव्हा चाकाचा एक. पिनियन ११ दात्यांचा घातला की तोच आकडा ६० होतो. मोटार मिनिटाला ११,००० फेरे घेते असे धरले आणि टायरचा व्यास १२० मिलिमीटर मानला, तर पहिल्या जोडीने गाडी ताशी जेमतेम ५ किलोमीटर जाईल, दुसरीने ४. दोन्ही वेग माणसाच्या चालीचे आहेत. मराठीत ‘चाल’ हा शब्द पावलांनाही आहे आणि गाण्यालाही, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

मोटारींची निवड त्यांच्या वेढ्यांवरून करतात. तांब्याच्या तारेचे २७, ३५, ४५, ५५ वेढे. वेढे जितके जास्त, तितकी मोटार संथ आणि तेवढ्याच विद्युतप्रवाहात तिचा जोर अधिक. आम्हांला सर्वांत नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. ही मोटार सर्वांत जास्त जोर लावते ती अडकून थांबलेली असताना. फिरणारी मोटार स्वतःच उलटा दाब निर्माण करते आणि त्यामुळे आत येणारा प्रवाह आवरला जातो. चाक दगडात अडले की हा लगाम सुटतो, प्रवाह उसळतो, आणि हालचाल नसल्याने त्या साऱ्याची उष्णता होते. म्हणून पिनियन लहान हवा : मोटार भराभर फिरत राहील, चाक सावकाश, आणि अडण्याचे क्षण कमी येतील. दहा मिनिटे गाडी चालवून मोटारीला बोट लावावे. बोट टेकवून ठेवता आले नाही तर दाते चुकले आहेत. इतकी सोपी कसोटी साहित्यात असती तर!

भाच्याचा आग्रह ब्रशविरहित मोटारीचा होता, तीही सेन्सरवाली. “मामा, सेन्सर नसेल तर अगदी हळू चालताना मोटारीला आपण कुठे आहोत तेच कळत नाही. ती अडखळते.” हे ऐकताना आम्हांला उस्ताद अमीर खाँ आठवले. त्यांच्या अतिविलंबित झुमऱ्यात दोन मात्रांमधले अंतर असे पसरते की कच्चा ऐकणारा त्यात हरवतो. गाणाऱ्याला मात्र सम कुठे आहे हे पूर्ण वेळ माहीत असावे लागते. संथपणा म्हणजे शक्ती कमी करणे नव्हे, हे भाच्याला आम्ही अनेक वर्षे ख्यालावरून पटवू पाहत होतो. त्याने ते आम्हांला मोटारीवरून पटवले.

खरी परीक्षा उताराची. इशारा सोडला की वेगनियंत्रक मोटारीची दोन टोके जोडून टाकतो. मोटार मग जनित्र बनते आणि फिरायला विरोध करते. पण हा विरोध फिरण्यातूनच येतो, त्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबलेली गाडी उतारावर पुरती थांबत नाही, मुंगीच्या पावलांनी सरकत राहते. आतल्या चुंबकांची ओढ तिला धरू पाहते, आणि ती ओढ गिअरमधून ५१ पट होऊन चाकाशी पोहोचते. ६० पट झाली तर अधिक बरे. आमच्या गुडघ्यांना नेमकी हीच सोय नव्हती.

शेवटी ३५ वेढ्यांची, ब्रशवाली, पाच खाचांची मोटार आणि ११ दात्यांचा पिनियन बसवला. ५५ वेढ्यांची नाकारली, कारण एखाद्या पायरीशी थोडी उसळी लागतेच. भाच्याचे म्हणणे तांत्रिक दृष्ट्या बरोबर आहे, ब्रश झिजतात. झिजणाऱ्या वस्तूंविषयी आम्हांला अलीकडे आपुलकी वाटू लागली आहे, आणि ही मोटार स्वस्तही पडते. दोन दातेरी चाकांमध्ये केसभर फट राहावी म्हणून बसवताना मधून कागदाची पट्टी फिरवतात. ती आम्ही एका कोऱ्या पुरवणीची कापली.

वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीपाशी, रविवारी सकाळी, आम्ही दगडावर बसून गाडी चालवतो. काळ्या बेसॉल्टमधली भोके, त्यांत भरलेले पांढरे खनिज, शेवाळाची कड, हे सारे तीस वर्षे पायाखालून गेले होते. चाक कुठे धरेल हे शोधताना ते आता दिसते. गड त्याने परत मिळत नाही, आणि तसे आम्ही मानतही नाही. मात्र गाडी काठावर येते, नाक खाली करते, थबकते, आणि उतरते, तेव्हा आम्ही श्वास धरून असतो.

१० दात्यांचा एक पिनियन अजून पुडीतच आहे. त्याने गुणाकार ६६ होईल. दसऱ्यानंतर दगड वाळले की लावून पाहू.