कातरणीची वाकळ

शिंप्याच्या मशीनखाली पडणारी कातरण कोरी असते, मळलेली नसते. तरीही ती बहुधा उकिरड्यावर जाते किंवा जाळली जाते. भारतात दरवर्षी सुमारे 78 लाख टन कापडकचरा निघतो, असा 2022 मधील एक अंदाज आहे. सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी त्यात भर पडते ती लग्नसराईतल्या ब्लाउजांची आणि जूनमधल्या गणवेशांची. सोनपेठच्या काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी या कातरणीच्या वाकळी करण्याचे काम हाती घेतले. प्रस्तुत लेखिका त्या गटात होती.

गोळा करणे सोपे गेले, शिंप्यांनी पोती भरून दिली. कस लागला तो निवडण्यात. सुती आणि पॉलिस्टर कापड नजरेला अनेकदा सारखेच दिसते, म्हणून प्रत्येक तुकड्याचा एक धागा ओढून पेटत्या काडीवर धरावा लागतो. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टरचा धागा आकसतो, वितळतो आणि टोकाला टणक मणी धरतो. गणवेशाच्या टेरिकॉटमध्ये, म्हणजे सुती-पॉलिस्टर मिश्र कापडात, दोन्ही खुणा दिसतात. ही निवड चुकली तर वाकळ बिघडते: पहिल्या धुण्यात सुती तुकडा आटतो, पॉलिस्टर आटत नाही आणि टाक्यांमध्ये फुगे येतात.

मराठवाड्यात कापड वाया न घालवण्याची रीत जुनीच. लुगड्याचा विरलेला भाग कापून उरलेले दोन तुकडे दांड घालून जोडत. तेही जीर्ण झाले की त्याची वाकळ होई. धडके कपडे बोहारणीला देऊन भांडी घेत. गटाला धावदोरा शिकवला तो गल्लीतल्या आज्यांनी, कडेने सुरुवात करून आत आत येत. टाका तांदळाएवढा हवा, हा त्यांचा आग्रह. लांब टाक्यात पायाचा अंगठा अडकतो आणि दोरा तुटतो.

अशा गटात शिवण मुलींकडे आणि पोती उचलणे मुलांकडे, अशी वाटणी आपसूक होते. ती मोडणे आवश्यक होते, कारण ज्याने टाका घातलेला नाही त्याला निवडीचे महत्त्व कळत नाही. शिकवणाऱ्या आज्यांची मजुरी वाकळीच्या किमतीत धरणेही तितकेच आवश्यक. ती न धरता ठरवलेली किंमत खोटी असते. सुती कातरण वाकळींना लागली, पॉलिस्टरची पायपुसणी झाली. टेरिकॉटचे धागे वेगळे करण्याची सोय गावात नाही. म्हणून ते कापड बारीक कापून उशांत भरले.